सुतारकाम क्लबला पहिल्यांदा येताय? मग हे आधी वाचा

नवीन कोणी आलं की पहिला प्रश्न ठरलेला, "सुरुवातीला कुठलं मशीन घेऊ?" आणि आमचं उत्तर पण ठरलेलं, की सध्या काहीच घेऊ नका, एका रविवारी या, चार जणांची हत्यारं हातात धरून बघा, थोडा घाम गाळा, मग पैसे कुठे घालायचे ते आपोआप कळतं. व्हिडिओ बघून बघून ढीगभर खरेदी केलेले आणि दिवाळीच्या आत ते सगळं सेकंडहँड विकायला काढलेले लोक आम्ही पुष्कळ पाहिलेत. टिकतात कोण, तर जे काहीतरी बारीकसं स्वतः करून, वाकडंतिकडं का होईना, टेबलावर आणून ठेवतात ते. म्हणून खाली जे लिहिलंय ते सगळं त्या पहिल्या वस्तूपर्यंत पोचण्यासाठी आहे. पुण्याच्या हिशोबाने लिहिलंय पण नाशिक, कोल्हापूर, नागपूरवाल्यांना पण चालेल, फक्त बाजारांची नावं बदलून घ्या.

येताना काय आणायचं

हत्यारं आणायची गरज नाही. पाच मीटरचा टेप, पेन्सिल, सहा इंची स्टीलची पट्टी आणि एक वही, बास. वही कशाला म्हणून हसू नका, इथे कोणी "आठ नंबरचा दोन इंची स्क्रू, आधी तीन एमएमचं भोक" असं एका दमात सांगून जातं आणि घरी गेल्यावर तुम्हाला त्यातलं फक्त "भोक" आठवतं.

पायात बूट पाहिजेत. चप्पल घालून आलात तर चहा मिळेल, पटाशी (म्हणजे लाकूड कोरायची छिन्नी) मिळणार नाही, कारण टेबलावरून पडलेली पटाशी मुठीवर पडत नाही, धारेवर पडते. कपडे अंगासरशी. ओढणी, ढगळ कुर्त्याच्या बाह्या, मनगटातले गंडेदोरे, कडं, अंगठी हे सगळं मशीनजवळ जायच्या आधी काढायचं किंवा नीट खोचायचं, आणि यात श्रद्धेचा वगैरे प्रश्न आणू नका, फिरणाऱ्या ड्रिलला ते कळत नाही. केस मोठे असतील तर घट्ट बांधून. एन-९५ मास्क स्वतःचा आणा, त्याबद्दल पुढे बोलू.

घरी काही मोडकं स्टूल, हलणारी खुर्ची, उखडलेला पाट असेल तर तो बिनधास्त आणा. पहिल्या दिवशी बोलायला विषय मिळतो आणि सांधे कसे असतात हे मोडक्या वस्तूत जेवढं दिसतं तेवढं चांगल्या वस्तूत दिसत नाही.

बैठकीला नेमकं काय होतं

सुरुवात चहा आणि मधल्या मोठ्या टेबलापासून. गेल्या महिन्यात ज्याने जे केलं ते टेबलावर ठेवायचं, हाताळायचं, उलटं करून खालून बघायचं. आमच्यात वस्तू खालून बघण्याला फार महत्त्व आहे, वरून सगळेच पॉलिश करतात. एक दंतवैद्य ताई आहेत त्या फक्त चमचे, पळ्या आणि उलथनी करतात आणि त्यांच्या चमच्याची कड ओठाला लावून बघितलीत की फिनिशिंग हा काय प्रकार असतो ते समजतं. एक इंजिनियरिंगचा मुलगा तबल्याच्या जोडीसाठी पेटी करतोय, झाकणावर गाडी अडकलीये. एका आजोबांनी नातवासाठी पांगुळगाडा केला, तीन चाकांचा, जुन्या पद्धतीचा, आणि तो टेबलावरून उतरवल्यावर दोन मोठी माणसंच तो ढकलत शेडमध्ये फिरत होती. गणपतीच्या आधी मखरांची रांग लागते, प्लायची, खाचेत खाच अडकवून उभी राहणारी, म्हणजे विसर्जनानंतर सपाट करून पलंगाखाली जाईल अशी. शिवाय चौरंग, देव्हारे, पोळपाट, मोबाइलचे स्टँड हे कायमचे.

टेबलानंतर एखादा डेमो असतो, कधी डव्हटेल नावाचा सांधा, कधी वेताची खुर्ची विणणं, कधी नुसतं स्क्रू कसा पिळायचा. मग उरलेला वेळ प्रत्येकजण आपापलं काम. नवीन माणसाला आम्ही थेट धार लावायच्या टेबलाशी बसवतो. यावर थोडी नाराजी होते, लोकांना वाटतं आलो होतो टेबल बनवायला आणि हे दगड घासायला लावतायत.

धार

का लावतो ते सांगतो. बोथट पटाशीला जोर लावावा लागतो, जोर लावला की ती सटकते, आणि सटकली की ती समोरच्या लाकडात नाही, डाव्या हातात जाते. पाजळलेली पटाशी मनगटाच्या दाबाने चालते. त्यामुळे सुतारकामातले निम्मे अपघात आणि निम्म्या वाकड्या खाचा धार नसल्याने होतात असं माझं ठाम मत आहे.

सुरुवातीला दगड पण विकत घेऊ नका. जाड काचेचा सपाट तुकडा घ्या, ग्लासवाल्याकडे कापून उरलेला मिळतो, कडा मात्र त्याच्याकडूनच घासून घ्या. त्यावर ४००, ८००, १००० आणि २००० नंबरचा काळा वॉटर पेपर पाणी शिंपडून चिकटवायचा. आधी पटाशीची पाठ सपाट करायची, पूर्ण नाही, टोकाकडचा इंचभर भाग आरशासारखा दिसला की झालं. मग पुढची उतरती बाजू, ती साधारण २५ अंशाला असते. तशीच कागदावर टेकवून कोन न हलवता मागे ओढत राहायचं, पुढे ढकललीत तर कागद फाटतो. थोड्या वेळाने पाठीकडून बोट हळूच धारेच्या बाहेरच्या दिशेने फिरवलं की एक खरखरीत कड लागते, ती बर. ती पूर्ण रुंदीभर लागली की पुढच्या नंबरचा कागद. शेवटी जुन्या कातडी पट्ट्यावर पॉलिशिंग पेस्ट लावून पाचसात वेळा ओढायची. धार आली का हे बघायला हाताचे केस कापून दाखवणारे शूर आहेत आमच्याकडे, तुम्ही पाईनच्या तुकड्याचं आडवं टोक तासून बघा. मऊ लाकडाचं ते टोक न चुरडता गुळगुळीत कापलं गेलं तर धार आहे, चुरा पडला तर परत काचेवर.

एकदा हे जमलं की जुन्या बाजारात जायला मोकळे. बुधवारी आणि रविवारी भरतो, तिथे जुन्या पटाश्या, लोखंडी रंधे मिळतात, गंजलेले असतात पण गंज निघतो. पातं वाकलेलं, रंध्याच्या बुडाला चीर गेलेली असेल तर मात्र फुकट दिला तरी घेऊ नका. नवीन घ्यायचं तर ६, १२ आणि २५ एमएम अशा तीन पटाश्या पुरतात, बारा पटाश्यांच्या सेटमधल्या नऊ डब्यातच राहतात.

लाकूड आणायला जाताना

भवानी पेठेतलं टिंबर मार्केट नवीन माणसाला घाबरवतं. तिथे सगळे दाराच्या चौकटी आणि ट्रकभर माल घेणारे, त्यात तुम्ही एक फळी मागणार. लाजू नका, फक्त हिशोब येऊ द्या. भाव घनफुटावर असतो, लोक सीएफटी म्हणतात. लांबी फुटात, रुंदी आणि जाडी इंचात, तिघांचा गुणाकार करून १४४ ने भागायचं. म्हणजे दीड फूट लांब, बारा इंच रुंद, एक इंच जाड फळी असेल तर १८ भागिले १४४, एक अष्टमांश घनफूट. वखारीत जाडी रंधा मारायच्या आधीची धरतात, त्यामुळे हातात एक इंच पाहिजे तर सव्वा इंच घ्या आणि पैसेही सव्वा इंचाचेच द्यायचेत हे धरून चला. आणि तिथे सूत ही भाषा चालते, आठ सूत म्हणजे एक इंच, एक सूत म्हणजे तीन एमएमच्या किंचित वर.

फळी निवडताना एका टोकाकडून डोळा लावून बघायची. पीळ आहे का, म्हणजे चार कोपरे एका सपाटीत आहेत का, हे सगळ्यात आधी. थोडी पन्हाळी, म्हणजे रुंदीत बाक, आलेली चालते, रंध्याने निघते, पण पीळ काढता काढता एक इंचाची फळी अर्ध्या इंचावर येते. मग गाठी, भेगा, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बारीक भोकं आणि त्यातून पडणारी मैद्यासारखी भुकटी. ती दिसली की कीड आत जिवंत आहे, तो तुकडा घरी नेलात तर घरातलं बाकीचं लाकूड पण जाईल.

पहिल्या प्रोजेक्टला नवा साग घेऊ नका. महाग आहे, आणि महागाचं लाकूड समोर असलं की हात थरथरतो. आंबा स्वस्त आहे, थोडा रेशा, म्हणजे लाकडातल्या तंतूंची दिशा, उलटसुलट असतो पण शिकायला मस्त, फक्त कीड लवकर लागते. पॅकिंगचं पाईन अजून स्वस्त, भोसरी-चाकणच्या बाजूला भंगारवाल्यांकडे पॅलेट, म्हणजे माल ठेवायच्या लाकडी चौकटी, मिळतात. त्यावर गव्हाच्या लोंबीचं चित्र असलेला एक शिक्का असतो, त्यात इंग्रजी एचटी ही अक्षरं असतील तर ते लाकूड नुसतं तापवून निर्जंतुक केलेलं, घ्या. एमबी असेल तर मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली आहे, ते सोडून द्या. शिक्काच नसेल किंवा तेला-रसायनाचे डाग असतील तर चमचे-पोळपाटाला अजिबात वापरू नका.

आणि जुनं सागवान. पुण्यात वाडे पडतायत, त्यांच्या तुळया, खांब, कडीपाट हे सगळं विकायला येतं. वाईट वाटतं पण लाकूड असं असतं की करवत लावली की शेडभर वास सुटतो, एवढ्या वर्षांत ते पार मुरलेलं असतं, हलायचं तेवढं हलून झालेलं. घ्या जरूर, पण कापायच्या आधी चुंबक फिरवा. खिळ्याचं डोकं केव्हाच गंजून गेलेलं असतं, वरून काही दिसत नाही, आणि आत अख्खा खिळा तुमच्या रंध्याच्या पात्याची वाट बघत असतो.

एक कायद्याचं. पावसाळ्यात रस्त्यात झाड पडलं की ग्रुपवर लगेच फोटो येतो, "कोणी येतंय का ओंडका आणायला?" असं परस्पर उचलायचं नाही. शहरातल्या झाडांना १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा लागू आहे, सोसायटीतलं असलं तरी महापालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी लागते. रीतसर विचारा. चंदन, खैर असल्या झाडांच्या तर वाटेलाच जाऊ नका. आणि मिळालाच ओंडका तरी तो लगेच वापरता येत नाही, इंचभर जाड फळीला सावलीत, मधे पट्ट्या घालून, साधारण वर्षभर वाळायला लागतं, त्यामुळे गुलमोहराचा ओंडका बघून पुढच्या आठवड्यात टेबल करायची स्वप्नं बघू नका. गुलमोहर तसाही कुचकामी.

पहिली वस्तू: पाट

आम्ही सगळ्यांना पाट करायला सांगतो, जेवायला बसायचा साधा पाट. एक फळी, खाली दोन आडवे पाय, संपलं. दिसायला एवढा सोपा की लोकांना अपमान वाटतो. पण लाकूड हलतं ही गोष्ट पाटाइतकी नीट कुठलीच वस्तू शिकवत नाही. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत हलतं, उन्हाळ्यात आकसतं आणि जुलैमध्ये फुगतं. बारा इंच रुंद सागाच्या फळीत हा फरक अर्धा ते एक सूत सहज असतो, आंब्यात जास्तच. आता फळीच्या आडवे दोन पाय फेव्हिकॉल लावून गच्च चिकटवलेत तर फळी आकसायला बघते, पाय आकसू देत नाहीत, आणि मे महिन्यात दुपारी कधीतरी फाटकन आवाज येतो. घराघरातल्या पाटांना मधोमध भेग असते ती ही.

तर असं करा.

१. फळी सोळा इंच लांब, बारा इंच रुंद, रंधा मारून एक इंच जाड. बारा इंच रुंद एकसंध मिळाली नाही तर सहा-सहाच्या दोन जोडा, कडेला कड फेव्हिकॉलने चिकटवायला काही हरकत नाही कारण दोन्ही एकाच दिशेला हलतात. क्लॅम्प लावून निदान रात्रभर ठेवा, अर्ध्या तासाने काढून बघायचा मोह आवरा.

२. सपाट करणं. दोन सरळ पट्ट्या फळीच्या दोन टोकांना उभ्या ठेवून एका रेषेत बघा, पीळ लगेच दिसतो. उंच कोपऱ्यांवरून तिरका रंधा मारत जायचं. रंधा कुठल्या दिशेने मारायचा हे फळीच्या बाजूच्या कडेला रेशा कसा चढतोय ते बघून ठरवा, चढाच्या दिशेने मारला तर लांब पातळ ढलपी निघते, उलटा मारला तर टवके उडतात. टवके उडायला लागले की जोर वाढवायचा नाही, फळी फिरवायची.

३. मापं सुरीने आखा, पेन्सिलीने नाही. पेन्सिलीची रेघ अर्धा एमएम जाड असते आणि करवत त्या रेघेच्या कुठल्या बाजूला हे दर वेळी वेगळं होतं. गुण्या (काटकोन आखायचं हत्यार) धरून सुरीने एक हलका, एक जोरात असे दोन फटके, मग वाया जाणाऱ्या बाजूने पटाशीने छोटासा उतार काढा, करवत त्यात आपोआप बसते.

४. पाय दोन, अकरा इंच लांब, दीड बाय दीड इंच. फळीच्या रुंदीपेक्षा इंचभर कमी ठेवलेत म्हणजे कडेला बोटं घालून पाट उचलता येतो.

५. आता मुख्य गोष्ट. प्रत्येक पायाला तीन भोकं. मधलं साडेचार एमएमचं, गोल, स्क्रू त्यात जेमतेम जाईल असं. बाजूची दोन मात्र लांबट करायची, पायाच्या लांबीच्या दिशेने, शेजारी शेजारी दोन-तीन भोकं पाडून मधलं कानशीने साफ करायचं. स्क्रूचं डोकं टेकण्यासाठी वॉशर. आठ नंबरचा दोन इंची स्क्रू, खालून. फळीत आधी तीन एमएमचं भोक, ड्रिलच्या बिटला अर्ध्या इंचावर टेप गुंडाळून ठेवा म्हणजे आरपार जाणार नाही. अडीच इंची स्क्रू घेतलात तर त्याचं टोक कुठे पोचलं ते पाटावर बसणारा सांगेल. गोंद फक्त मधल्या स्क्रूपाशी, बोटभर, बाकी कुठेही नाही. आता फळी मधून घट्ट आणि दोन्ही कडांना मोकळी, तिला काय हलायचं ते हलू दे.

पितळी स्क्रू वापरणार असाल तर आधी त्याच मापाचा लोखंडी घालून काढून घ्या, साबण किंवा मेण लावून, नाहीतर पितळेचं डोकं हातात येतं.

६. पॉलिश पेपर ८०, १२०, १८०, २२०, याच क्रमाने, मधला गाळायचा नाही, आणि कायम रेशाच्या दिशेने. रंध्याची धार चांगली असेल तर ८० लागतही नाही.

७. फिनिश. पाटाला चपड्याचं, म्हणजे लाखेचं, पॉलिश दिसतं झकास, शंभर मिली स्पिरिटला वीस-पंचवीस ग्रॅम चपडा, रात्रभर भिजत ठेवायचा, सकाळी गाळून फडक्याच्या बोळ्याने पातळ पातळ हात. पण त्यावर पाण्याचा तांब्या ठेवला की पांढरी गोल खूण उमटते, आणि पावसाळ्यात दमट हवेत लावलं तर सगळंच पांढरट होतं. जेवायच्या पाटाला म्हणून मी तरी जवसाचं तेल आणि वर मेण सांगेन. पोळपाट, चमचा, चिरायची फळी याला मात्र दुकानातलं डबल बॉइल्ड लिनसीड नको, त्यात लवकर वाळण्यासाठी धातूंचे क्षार घातलेले असतात. त्यासाठी मेडिकलमध्ये लिक्विड पॅराफिन मिळतं, बद्धकोष्ठावर देतात तेच, त्यात थोडं मधमाशांचं मेण वितळवून. शेंगदाणा तेल लावू नका, महिन्याभरात खवट वास मारतं.

आणि जवसाच्या तेलाची फडकी. ती चुरगाळून कचऱ्यात टाकली तर तेल वाळताना जी उष्णता तयार होते ती आत कोंडून फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. ही ऐकीव गोष्ट नाही. क्लबमध्ये पाण्याची बादली ठेवलेली असते, फडकं त्यात, किंवा तारेवर एक पदरी वाळत.

मशीनला हात लावायच्या आधी

क्लबमधलं कुठलंही मशीन पहिल्यांदा चालवताना शेजारी जुना मेंबर उभा पाहिजे, तुम्ही बाहेर कितीही वर्षं चालवलेलं असलं तरी. टेबल सॉवर (टेबलातून ब्लेड वर आलेली मशीनची करवत) हातमोजे घालायचे नाहीत, हे नवीन लोकांना उलटं वाटतं, पण मोज्याचा एक धागा अडकला की तो पूर्ण हात आत ओढतो. ब्लेडच्या मागची उभी पट्टी, रायव्हिंग नाईफ म्हणतात ती, काढून ठेवायची नाही. ती नसली तर कापलेलं लाकूड मागून ब्लेडला चिमटतं आणि तुमच्या पोटाच्या दिशेने सुटून येतं. छोटा तुकडा ढकलायला काठी, बोटं नाही.

सगळ्यात जास्त वाद होतो तो ग्राइंडरवरून. चार इंची अँगल ग्राइंडरला लाकूड कापायचं दातेरी ब्लेड लावून काम करणारे तुम्ही साइटवर रोज बघता आणि म्हणता, ते करतात की. ग्राइंडर मिनिटाला अकरा-बारा हजार फेरे घेतो, ते ब्लेड त्या कामासाठी नाही, अडकलं की मशीन हातातून उडतं आणि पटकन बंद पण होत नाही. आमच्याकडे याला बंदी आहे, चर्चा नाही.

धूळ. लाकडाच्या धुळीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने १९९५ मध्येच माणसात कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलंय, त्यामुळे पॉलिश पेपर मारताना रुमाल बांधून भागत नाही, एन-९५ च. शिसव आणि सागाच्या धुळीने काहींच्या अंगावर पुरळ येतं, आलं तर सांगा, लाजू नका. वीज सोडताना आरसीसीबी (वीज गळली की आपोआप बंद करणारा स्विच) असलेल्या बोर्डावरच, एक्स्टेन्शनला एक्स्टेन्शन जोडायची नाही.

टेबलावर वस्तू ठेवताना

इथे बऱ्याच जणांची गाडी अडते. वस्तू झालेली असते पण "अजून नीट नाही झाली" म्हणून तीन-तीन बैठका घरीच राहते. आणा ती तशीच. सोबत एका चिठ्ठीवर लाकूड कुठलं, मापं काय, फिनिश काय, आणि कुठे अडलात एवढं लिहा. नुसतं "कसं वाटलं?" विचारलं की सगळे "छान" म्हणतात आणि चहा प्यायला जातात. "हा सांधा उघडा का दिसतोय?" विचारलं की पाच जण चष्मे लावून जमतात, दोघे आपापसात भांडतात, आणि तुम्हाला फुकटात तासाभराचं ट्रेनिंग मिळतं. व्हॉट्सअॅपवर फोटो टाकणार असाल तर शेजारी ती सहा इंची पट्टी ठेवा, नाहीतर तुमचं स्टूल डबी वाटतं.

दुसऱ्याच्या वस्तूबद्दल बोलताना आधी तिला हात लावू का विचारा, मग तीत काय आवडलं ते, मग काय वेगळं केलं असतं ते. "हे मी अर्ध्या किमतीत आणून दिलं असतं" हे वाक्य क्लबमध्ये बोलायचं नाही.

यावरून एक. आपल्यासाठी हे रविवारचं काम, काही लोकांचं त्यावर पोट आहे. पूर्वी गावात बलुत्यावर नांगर, कुळव, पाभर, बैलगाडीची चाकं करणाऱ्या घरातले मिस्त्री आमच्याकडे कधीकधी शिकवायला येतात. त्यांना त्यांच्या वेळेचे पैसे दिले जातात, वर्गणीतून. त्यांना बाजूला घेऊन "घरी एक किचनचं छोटं काम होतं हो" असं फुकटात उरकून घ्यायचं नाही. त्यांना काका म्हणा, मिस्त्री म्हणा, पण त्यांच्या हातातली पटाशी न विचारता उचलू नका. आणि वाकसने लाकूड तासताना ते पायाच्या बोटांशी धरतात ते बघून घरी करायला जाऊ नका, त्याला जन्म जातो.

वर्षभरातल्या बैठका

जून ते सप्टेंबर मोठं चिकटकाम आणि चपडा शक्यतो टाळतो, तेव्हा कोरीवकाम, चमचे, धार, दुरुस्त्या. खंडेनवमीला कोणी काही बनवत नाही. त्या दिवशी सगळी हत्यारं पुसून, गंज काढून, पाजळून, तेलाचा हात फिरवून टेबलावर मांडायची, झेंडू वाहायचा आणि पेढे खायचे. नवीन माणसाने यायला हा दिवस फार चांगला, सगळ्यांची हत्यारं एकाच वेळी बघायला मिळतात आणि कोणी घाईत नसतं, शिवाय कोण कुठलं जुनं हत्यार काढून टाकतोय तेही समजतं.

वर्षातून एकदा सगळे मिळून एक काम करतो, एखाद्या शाळेचे बाक दुरुस्त करणं वगैरे. तिथे स्क्रू मोजण्यापासून पॉलिश पेपरपर्यंत काहीही काम मिळेल, हो म्हणा.

तुमच्या गावात असं काही नसेल तर चार जण, एक गच्ची किंवा पार्किंगचा कोपरा, एक जड टेबल आणि आठवड्यातून एकदा येणारे एक मिस्त्री, एवढ्यावर सुरू होतं. आवाजाचं मशीन दुपारी दोन ते चार लावायचं नाही हे पुण्याबाहेर पण पाळा, शेजारी टिकतात. गावाजवळ आयटीआय असेल तर तिथल्या कारपेंटर ट्रेडच्या सरांना जाऊन भेटा, मशीन, जागा, सल्ला यातलं काहीतरी नक्की मिळतं.

निघताना

शेवटची वीस मिनिटं झाडलोट, आणि यातून कोणाची सुटका नाही. हत्यार जिथून घेतलं तिथे, पटाशीला तेलाचा हात, रंधा आडवा ठेवायचा म्हणजे पात्याची धार फळीवर टेकत नाही. हातभर लांबीच्या वरचे तुकडे मांडणीवर, त्याहून छोटे खोक्यात, ते कोणीही फुकट नेऊ शकतं आणि चमचेवाल्या ताई आधी नेतात. भुसा दोन पोत्यांत वेगळा करायचा: नुसत्या लाकडाचा पांढऱ्या पोत्यात, तो एक मेंबर गच्चीवरच्या बागेत खताच्या ढिगावर टाकायला नेतात, आणि प्लाय, एमडीएफचा काळ्या पोत्यात, त्यात रसायनी गोंद असतो म्हणून तो कचऱ्यात. पोतं भरलं असेल तर तोंड बांधून गेटपाशी ठेवा, गाडी सोमवारी सकाळी येते.